यंत्राचं सोंग

"निकसर्व्हनं पासवर्ड मागितला, मी दिला. आता माझाच निक मला मिळत नाही."

आयआरसीच्या मदत-चॅनलवर ही तक्रार इतक्या जणांनी केली, की पुढंपुढं पहिले दोन शब्द वाचले तरी बाकीचं कळायचं. तक्रार करणाऱ्याचा गोंधळ रास्तच असे. पासवर्ड मागणं हे तर निकसर्व्हचं रोजचं काम. तो रोज मागतो, हा रोज देतो, मग आजच काय बिघडलं? बिघडलं एवढंच, की आज मागणारा निकसर्व्ह नव्हता. कुणीतरी पोरगा त्याचं सोंग घेऊन बसला होता.

२००० सालानंतरची काही वर्षं मी एका मध्यम आकाराच्या आयआरसी नेटवर्कवर स्वयंसेवक होते. नेटवर्कचं नाव सांगत नाही, कारण पुढं त्याच्या उणिवाही यायच्या आहेत. नोकरी पुण्यात, एका सॉफ्टवेअर कंपनीत सिस्टिम अ‍ॅडमिनची; हे काम बिनपगारी आणि हौसेचं. मला तिथं घेतलं ते मुख्यतः माझ्या घड्याळामुळं. अमेरिकेतले ऑपरेटर झोपायला गेलेले आणि युरोपातले अजून उठायचे असत, तेव्हा आमच्याकडं सकाळ असे. उचापतखोरांना रान मोकळं मिळे ते नेमकं त्याच वेळात.

ज्यांनी आयआरसी कधी पाहिलंच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इंटरनेटवरच्या गप्पांची ही फार जुनी व्यवस्था. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८मध्ये ती सुरू केली. एकमेकांना जोडलेले सर्व्हर, त्यांवरचे चॅनल, आणि चॅनलमध्ये टोपणनावं घेऊन बसलेली माणसं. टोपणनाव म्हणजे निक. मूळ रचनेत निक कुणाच्याच मालकीचा नसे. या घटकेला दुसरं कुणी वापरत नसेल तर तो तुमचा. तुमची लाइन तुटली आणि दुसऱ्यानं तो उचलला तर त्याचा. विद्यापीठातल्या ओळखीपाळखीच्या मंडळींत हे चालून गेलं, पण नव्वदच्या दशकात गर्दी लोटली तेव्हा चालेना. १९९४मध्ये सुरू झालेल्या डालनेटनं मग नोंदणी करणारे प्रोग्राम आणले: निकसाठी निकसर्व्ह, चॅनलसाठी चॅनसर्व्ह, निरोपांसाठी मेमोसर्व्ह. बऱ्याच नेटवर्कनी तीच पद्धत उचलली. एफनेट मात्र जुन्या वळणावर ठाम राहिलं. तिथं निकची मालकी हा प्रकार आजही नाही.

हे प्रोग्राम नेटवर्कवर वावरत ते साध्या माणसासारखेच. त्यांनाही एक निक, त्यांच्याशी बोलायचं तेही खासगी संदेशानंच. बँकेचा कॅशियर काउंटरमागं न बसता गिऱ्हाइकांच्या घोळक्यातच उभा राहून पैसे घेतोय आणि त्याची ओळख म्हणजे फक्त शर्टावरची नावाची पट्टी, असा तो मामला होता. सोंग घेणाऱ्याला याहून सोयीचं काय असणार?

बाहेरच्याला वाटेल, टोपणनावच ते, गेलं तर दुसरं घ्यावं. आमच्यातल्या काही ऑपरेटरांनाही तसंच वाटे आणि मला त्यांचा राग यायचा. त्या काळात आपल्याकडच्या शहरांच्या नावांच्या चॅनलवर मुलीचा निक दिसला की खासगी खिडक्यांचा भडिमार होई. त्यातून ज्या मुली टिकून राहिल्या, त्यांचा निक म्हणजे ओळखीच्या चार जणांत कमावलेली पत होती. तो निक दुसऱ्यानं बळकावून त्या चार जणांशी अर्धा तास गप्पा मारल्या की काय होतं, ते मी तक्रारींमधून वाचलंय. तिच्या नावानं घाणेरडं बोलायचं, तिच्या मैत्रिणीचा फोन नंबर काढून घ्यायचा, कुणाशी तरी भांडण लावून द्यायचं. चॅनलचं नुकसान वेगळ्या जातीचं. संस्थापकाचा पासवर्ड गेला, की वर्षानुवर्षं जमवलेली बैठक एका रात्रीत दुसऱ्याच्या ताब्यात. जुन्या ऑपना, म्हणजे चॅनल सांभाळणाऱ्यांना, काढून टाकायचं, वर त्यांनाच बॅन करायचं, हे ओघानं आलंच.

सोंगाच्या तऱ्हा बऱ्याच. सगळ्यात बाळबोध म्हणजे दिसायला सारखं नाव. निकसर्व्हच्या रोमन स्पेलिंगमधल्या 'आय'च्या जागी धाकटा 'एल' घातला, की एरियलसारख्या फॉन्टमध्ये तो मोठ्या 'आय'सारखाच दिसतो. एमआयआरसी हा आयआरसीचा प्रोग्राम वापरणारे यातून पुष्कळदा वाचत, कारण त्यातला मूळचा फिक्स्डसिस फॉन्ट ओबडधोबड असला तरी ही दोन अक्षरं वेगळी दाखवी. वेबसाइटवरच्या जावा चॅटमधून आलेले मात्र हमखास फसत. यात एक गंमतही होती. आयआरसीची १९९३ची नियमावली उत्तर युरोपातली पार्श्वभूमी धरून लिहिलेली. तिकडच्या भाषांतली जादा अक्षरं ज्या जागी बसत, त्या जागांवरचे चौकटी कंस आणि महिरपी कंस ही एकाच अक्षराची मोठी आणि लहान रूपं मानली गेली. म्हणजे आपल्या डोळ्याला वेगळी दिसणारी दोन नावं सर्व्हरला एकच, आणि डोळ्याला एकच वाटणारी दोन सर्व्हरला वेगळी. 'नाव नीट बघा' असं लोकांना सांगताना मला हे नेहमी आठवायचं.

दुसरी तऱ्हा स्प्लिटची, आणि ती खरी घातक. दोन सर्व्हरमधला दुवा तुटला की नेटवर्कचे दोन तुकडे होतात. सेवांचा, म्हणजे निकसर्व्हसारख्या प्रोग्रामांचा, सर्व्हर पलीकडच्या तुकड्यात राहिला, तर अलीकडं निकसर्व्ह हे नाव चक्क रिकामं पडतं. ते कुणाला घेता येऊ नये म्हणून प्रत्येक सर्व्हरच्या सेटिंगमध्ये राखीव करून ठेवावं लागतं. आमच्याकडं नव्यानं जोडलेल्या एका सर्व्हरवर ती ओळ घालायचीच राहिली होती. स्प्लिट झाला आणि एकानं ते नाव घेतलं. अक्षर न अक्षर बरोबर, फॉन्ट कुठलाही असो. त्यानं कुणाला थापाही मारल्या नाहीत. कारण पुष्कळांनी एमआयआरसीत एक बारकीशी स्क्रिप्ट घालून ठेवलेली असे: निकसर्व्हकडून 'हा निक नोंदलेला आहे' असा निरोप आला, की आपोआप पासवर्ड पाठव. स्क्रिप्ट निरोप पाठवणाऱ्याचं नाव तपासे, तो कुठल्या सर्व्हरवरून आला ते बघत नसे. हा मुलगा एकेकाला तेवढं एक वाक्य पाठवत गेला आणि पासवर्ड त्याच्या खिडकीत येऊन पडत गेले. माणसानं यंत्राचं सोंग घेऊन यंत्रांनाच गंडवलं.

ते आमच्या लक्षात आलं कसं? कॉलेजमधल्या एका मुलामुळं. तो कोल्हापूरहून सायबर कॅफेतून यायचा, त्याच्याकडं स्क्रिप्ट नव्हती आणि पासवर्ड तो हातानं टाइप करायचा. मदत-चॅनलवर येऊन रोमन लिपीतल्या मराठीत म्हणाला, "ताई, एक विचारू का? निकसर्व्ह कधी थँक्यू म्हणतो का हो?"

नाही म्हणत. खरा निकसर्व्ह तुसडा होता. पासवर्ड बरोबर असेल तर एक ओळ, चूक असेल तर एक ओळ, आणि साठ सेकंदांत ओळख पटवली नाही तर निक काढून घेऊन तुम्हाला 'गेस्ट' करून टाकणार. सोंगाडी मात्र बहुतेक वेळा गोड बोलत. 'कृपया', 'धन्यवाद', 'तुमच्या सहकार्याबद्दल'. यंत्रानं कसं बोलावं याची त्यांची कल्पना कुठल्याशा जाहिरातीतून आलेली असावी. आता विचार केला तर त्या तुसडेपणातल्या साठ सेकंदांनी सोंगाड्यांना किती मदत केली ते जाणवतं. घड्याळ लावून पासवर्ड मागायची सवय आमच्याच यंत्रानं लोकांना लावली होती. घाईत असलेला माणूस विचारत बसत नाही.

सोंग ओळखायला माझ्याजवळ ऑपरेटरची हत्यारं होतीच. व्हूइज केलं की तो कुठल्या सर्व्हरवर बसलाय ते एका ओळीत दिसे. खरी सेवा असेल तर तिथं सेवांच्या सर्व्हरचं नाव. पण हौस म्हणून मी कधीकधी आधी बोलून बघायचे. खऱ्या निकसर्व्हकडं मदतीचा मजकूर मागितला तर तो त्याच क्षणी स्क्रीनभर ओततो. सोंगाडी थबकतो, दुसऱ्या खिडकीतून तो मजकूर उचलून आणतो, एकेक ओळ चिकटवतो. वाटेल ते बरळलं तर खरा निकसर्व्ह म्हणतो, अशी आज्ञा नाही. सोंगाडी विचारतो, म्हणजे काय? आणि एक-दोनदा शिव्याही खाल्ल्यात मी. शिवी आली की खात्री पटायची.

फसलेल्या माणसाला सांभाळणं हे त्यापेक्षा अवघड. लोक ओशाळलेले असत, सांगताना आडवळणानं सांगत, 'माझ्या एका मित्राचं असं झालं' म्हणून सुरुवात करत. मी पहिला प्रश्न विचारायचे, हाच पासवर्ड मेललाही आहे का? बहुतेकदा असायचा. मग आधी जाऊन मेलचा बदला, निकचं नंतर बघू. आमच्यातले जुने लोक म्हणत, मेल ही आपली जबाबदारी नाही, आपण निक परत मिळवून द्यावा आणि पुढच्याला घ्यावं. मला ते कधीच पटलं नाही. निक आम्ही नोंदणीच्या ईमेलवर नवा पासवर्ड पाठवून परत द्यायचो. चोर त्या मेलमध्येच बसलेला असेल तर आम्ही निक कुणाला परत देत होतो?

शिक्षेचं प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं. पुरावा म्हणून लोक लॉग पाठवत. लॉग म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, कुणीही नोटपॅडमध्ये उघडून त्यात हवं ते लिहावं. खासगी बोलणं सर्व्हरवर साठत नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं. त्यामुळं एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघातिघांच्या तक्रारीत एकच पत्ता आला, तरच मी हात उचलायचे. आणि उचलून तरी करणार काय? डायलअपचा पत्ता दर जोडणीला बदलतो; पट्टाच्या पट्टा बॅन केला तर अर्धं शहर बाहेर. सायबर कॅफेत तर आतल्या सगळ्या मशीनचा बाहेर दिसणारा पत्ता एकच. चोराबरोबर त्याच्या शेजारच्या खुर्चीवरचा नोकरीचे अर्ज भरणारा माणूसही गप्पांना मुकणार.

नावांवर बंदी घालून पाहण्याचाही प्रयोग झाला. एका युरोपीय ऑपरेटरनं सकाळी उठून 'सर्व्ह'ची चार रोमन अक्षरं ज्यात ओळीनं येतील तो प्रत्येक निक बंद केला. ऑब्झर्व्हर नावाचे आकाशनिरीक्षक, कुणी प्रिझर्व्ह, कुणी रिझर्व्ह, सगळे एका झटक्यात बाहेर. संध्याकाळच्या आत बंदी मागं घेतली गेली. सोंगाडी तोवर 'व्ही'च्या जागी 'यू' टाकून पुन्हा कामाला लागले होते.

सेवा नसलेल्या नेटवर्कवर हा प्रश्न नव्हता, असं एफनेटवाले छाती फुगवून सांगत. तेही पूर्ण खरं नव्हे. तिथं चॅनल राखायचे ते लोकांनी स्वतः चालवलेले बॉट. त्यातला एगड्रॉप हा रोबी पॉइंटर यांनी डिसेंबर १९९३मध्ये एफनेटवरच्याच एका चॅनलसाठी लिहिलेला. मालकानं बॉटला खासगीत पासवर्ड पाठवायचा, बॉट त्याला ऑप करणार. मग बॉटची लाइन तुटायची वाट बघायची, तुटली की त्याचा निक घ्यायचा आणि गप्प बसायचं. मालक येतो आणि सवयीनं पासवर्ड पाठवतो. सोंगाड्याला एक शब्दही बोलावा लागत नाही.

आमचं नेटवर्क या सगळ्यावर करत काय होतं? सूचना लावत होतं. जोडणी होताच वर सरकत जाणाऱ्या स्वागताच्या मजकुरात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे: आमचे कर्मचारी किंवा सेवा तुमचा पासवर्ड कधीही मागत नाहीत. हे वाचून मला हसू यायचं. कधीही मागत नाहीत? त्या सूचनेनंतरची पुढचीच ओळ निकसर्व्हची असे, आणि ती पासवर्ड मागत असे. लोकांनी ती सूचना गंभीरपणे घेतली असती, तर नेटवर्क चाललंच नसतं. फसणाऱ्यांना वेंधळे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांशी माझा वाद यावरूनच असायचा. आपण सांगितलेलं ते तंतोतंत करत होते. नाव दिसलं की पासवर्ड द्या, हा धडा आपणच दिलेला.

उपाय नवा शोधायची गरज नव्हती. मोठ्या नेटवर्कनी तो केलेला होता. अंडरनेटवर 'एक्स' या सेवेला पासवर्ड पाठवायचा तो नुसत्या नावावर नाही, नावापुढं तिच्या सर्व्हरचा पूर्ण पत्ता लावून. क्वेकनेटवर 'क्यू'चंही तसंच, डालनेटवर निकसर्व्हचंही तसंच. त्या पत्त्यावर ती सेवा हजर नसेल, तर तुमचा सर्व्हर संदेश पुढं पाठवतच नाही. स्प्लिट असो की सारखं दिसणारं अक्षर, पासवर्ड चुकीच्या हातात पडत नाही, फार तर परत येतो. पूर्ण पत्ता टाइप करायचा कंटाळा येतो म्हणून पुढं सर्व्हरलाच एक छोटी आज्ञा शिकवण्यात आली. पत्ता तो स्वतः जोडतो.

आम्ही ती आज्ञा आणली आणि काही फरक पडला नाही. जुनी वाट उघडीच होती ना. जगभरच्या मदत-पानांवर जुनीच पद्धत लिहिलेली, कॅफेतल्या मशीनवर जुन्याच स्क्रिप्ट. शेवटी बऱ्याच वादानंतर जुन्या वाटेनं आलेला पासवर्ड सर्व्हरनंच अडवायचा असं ठरलं. काही दिवस मदत-चॅनलवर नुसता आरडाओरडा. ज्यांच्या स्क्रिप्ट बंद पडल्या, ते आम्हाला शिव्या घालत होते. त्यानंतर 'निकसर्व्हनं पासवर्ड मागितला' ही तक्रार जवळपास येईनाशी झाली. लोक काही शहाणे झाले नव्हते. सोंगाड्याच्या हातात पासवर्ड पडायची वाट बुजली होती, बस. नंतर एसएएसएल आलं, त्यात तर नेटवर्कवर पाऊल टाकण्याआधीच ओळख पटवली जाते. त्या टप्प्यावर सोंग घ्यायला समोर दुसरं कुणी नसतंच.

सोंगाडी मग आमच्याकडं वळले. यंत्र होता येईना तेव्हा ते मदतनीस झाले. मदत-चॅनलवर कुणी अडचण मांडली, की कोपऱ्यात गप्प बसलेला एखादा लगेच त्याला खासगीत गाठे: मी इथला ऑपरेटर, तुमचा निक सोडवून देतो, पासवर्ड सांगा. याला सर्व्हरमध्ये काही उपाय नाही. आम्ही नियम केला, कुठलाही मदतनीस आपणहून खासगीत बोलणार नाही, जे काय ते चॅनलवर, सगळ्यांदेखत. या नियमाला सगळ्यात जास्त विरोध मी केला. कारण ज्या मुलींच्या निकवरून कुणी घाणेरडं बोललंय, त्या चारचौघांत काय सांगणार? तडजोड अशी झाली, की खासगी खिडकी उघडायची ती तक्रार करणाऱ्यानं. तीही चॅनलच्या यादीतल्या ऑपच्या नावावर क्लिक करूनच.

आता मी एका मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या डिस्कॉर्ड आणि टेलिग्राम गटांवर थोडंफार लक्ष ठेवते. यंत्रांच्या गळ्यात आता बिल्ले आलेत. डिस्कॉर्डवर खऱ्या बॉटच्या नावाशेजारी कंपनीचं लेबल असतं, पूर्वी 'बॉट' लिहिलेलं, आता 'अ‍ॅप'. साध्या खात्याला ते मिळत नाही. टेलिग्रामवर बॉटच्या वापरनावाच्या शेवटी सहसा 'बॉट' यावं लागतं, आणि तुम्ही आधी त्याच्याशी बोलला नसाल आणि गटात यायची विनंतीही केली नसेल, तर बॉट तुम्हाला पहिला संदेश पाठवूच शकत नाही. म्हणजे आपणहून आलेला बहुतेक 'पडताळणी बॉट' हा कुणीतरी माणूस असतो. डिस्कॉर्डवरचे सोंगाडी पासवर्ड मागत नाहीत, क्यूआर कोड दाखवतात. स्कॅन करून फोनवर 'हो' म्हटलं की तुमच्या खात्यात तो आत. लोक विचारतात, पण मी तर काहीच टाइप केलं नाही!

'आम्ही खासगीत आधी संदेश पाठवत नाही' हा नियम तिथंही वर पिन केलेला आहे. मागच्या वर्षी एकानं आमच्या एका मदतनिसाचं नाव आणि चित्र उचललं आणि गटात हाच नियम, शब्दन्‌शब्द, स्वतःच्या खात्यावरून टाकला. शेवटी एवढंच जोडलं: म्हणून अडचण असेल तर तुम्हीच मला संदेश पाठवा. पाच-सहा जणांनी पाठवलाही. तेव्हापासून मूळ नियमाखाली मी आणखी एक ओळ घातली आहे: मदतनीस शोधायचा तो उजवीकडच्या सदस्ययादीतून, कुणाच्याही संदेशातल्या नावावर किंवा लिंकवर क्लिक करून नाही. त्या ओळीची नक्कल अजून झालेली नाही. यादीतली नावं मात्र मी आता दर आठवड्याला तपासते, कारण दोन जणांनी सारखं दिसणारं नाव घेऊन त्या यादीत, खालच्या गटात का होईना, जागा धरली होती.